डोंगरास विचारले काय?



चैत्र उलटला की आपल्या पवनेचे पाणी उतरू लागते. प्रथम काठचा गाळ दिसतो, मग जुन्या शेतांच्या बांधांच्या रेघा दिसतात आणि पुढे वाघेश्वराच्या देवळाचे काळे दगड पाण्याबाहेर येतात. वर्षातील बहुतेक महिने हा देव पाण्याखाली असतो. उन्हाळ्याचे थोडे दिवस त्यास ऊन लागते. आपल्या व्याख्यानमालेचे दिवस आणि देव वर येण्याचे दिवस हे असे एकाच सुमाराचे आहेत. म्हणून आजच्या विषयाची सुरुवात आम्ही येथून करीत आहो, जरी तो विषय सातासमुद्रांपलीकडचा असला तरी.

विषय आहे एका दुर्बिणीचा. प्रशांत महासागराच्या मध्यावर हवाई नावाची बेटे आहेत. त्यांतील सर्वांत मोठ्या बेटावर मौना केआ नावाचा निद्रिस्त ज्वालामुखी आहे. मौना केआ म्हणजे पांढरा पर्वत. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ४,२०५ मीटर. आपला कळसूबाई १,६४६ मीटरचा. म्हणजे अडीच कळसूबाई एकावर एक ठेवावेत एवढा तो उंच. त्या पर्वतावर ३० मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण बांधावयाची की नाही, यावर दहा वर्षांहून अधिक काळ वाद झाला. लोक रस्त्यावर बसले, म्हाताऱ्या माणसांना अटक झाली, न्यायालयाने एकदा परवाना रद्द केला व एकदा कायम केला.

यात आपला संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. या दुर्बिणीत अमेरिकेतील दोन शिक्षणसंस्था, कॅनडा, जपान यांच्याबरोबर भारत हा भागीदार आहे. २०१४ च्या सप्टेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १,३०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. आपला वाटा दहा टक्क्यांच्या आसपासचा. हे काम अंगावर घेतलेल्या तीन भारतीय संस्थांपैकी एक पुण्याची ‘आयुका’ आहे, म्हणजे डॉ. जयंत नारळीकरांनी उभी केलेली संस्था. तेव्हा त्या डोंगरावर जे घडले त्याचा थोडा हिशेब आपल्या खात्यावरही आहे.

प्रथम दुर्बिणीची बाजू सांगतो, कारण आमचे मन पहिल्यापासून त्या बाजूस होते. आमचे शिक्षण शाळेत थोडे व वाचनालयात अधिक झाले. रात्रपाळीच्या सुट्टीत ताऱ्यांवरची पुस्तके वाचून ज्याने दिवस काढले, त्यास दुर्बीण नको असे कसे वाटेल? आपल्या पुण्यात १८८८ च्या सुमारास सायन्स कॉलेजच्या आवारात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून एक वेधशाळा उभी राहिली होती. प्राध्यापक कावसजी नायगमवाला तिचे प्रमुख. तेथील २० इंची दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती. १९१२ साली प्राध्यापक निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि यंत्रे कोडाईकनालला गेली. आता योजलेल्या दुर्बिणीचा आरसा त्या पुण्याच्या आरशाच्या सुमारे साठपट रुंद. एवढा आरसा एकसंध ओतता येत नाही, म्हणून ४९२ षट्कोनी तुकडे जोडून तो करावयाचा. त्यांतील कित्येक तुकडे भारतात घासून चकचकीत करावयाचे, असे ठरले. आरसा जितका मोठा तितका अंधुक प्रकाश अधिक गोळा होतो, आणि दूरचा प्रकाश म्हणजे जुना प्रकाश. विश्वातील पहिले तारे कसे पेटले, दुसऱ्या सूर्यांभोवतीच्या ग्रहांवर हवा आहे काय, हे त्यातून कळू शकेल.

मग तो डोंगरच कशासाठी? कारण तेथे ढग शिखराच्या खाली राहतात, हवा कोरडी व स्थिर असते आणि सभोवती समुद्र असल्याने रात्र काळी राहते. हे नुसते बोलणे नव्हे. तेथे आधीच तेरा दुर्बिणी उभ्या राहिल्या होत्या. त्यांतील केक या दहा मीटरच्या दुर्बिणीतून आकाशगंगेच्या मध्यभागी फिरणारे तारे वर्षानुवर्षे मोजले गेले, आणि त्या कामाबद्दल आंद्रेया गेझ यांना २०२० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आता डोंगराची बाजू. हवाईच्या मूळ लोकांच्या समजुतीप्रमाणे आकाशपिता वाकेआ व भूमाता पापा यांच्यापासून ही बेटे जन्मली, आणि हा पर्वत त्यांचे थोरले अपत्य. तेथे पोलिआहू ही हिमदेवता राहते. शिखराजवळ वाइआउ नावाचे लहान तळे आहे. काही घराणी नवजात मुलाची नाळ त्या तळ्यात ठेवीत आली आहेत. पर्वतावर पूर्वजांच्या समाध्या आहेत आणि दगडी कुऱ्हाडी घडविण्याची प्राचीन खाण आहे. ‘जेथे नाळ पुरली’ हा शब्दप्रयोग ज्या भाषेत आहे, त्या भाषेच्या माणसास यातील काही समजावून सांगावे लागू नये.

येथे पुष्कळ लोक घाईने निकाल देतात: एका बाजूस विज्ञान, दुसऱ्या बाजूस अंधश्रद्धा. आम्हीही प्रथम तसाच दिला होता, हे कबूल केले पाहिजे. परंतु इतिहास पाहू लागलो तेव्हा तो टिकला नाही. पहिली गोष्ट ही की, हवाईचे लोक ताऱ्यांचे शत्रू नव्हेत. त्यांचे पूर्वज होकायंत्रावाचून, केवळ तारे, लाटा व पक्षी पाहून हजारो मैल समुद्र ओलांडून त्या बेटांवर आले. १९७६ साली ‘होकुलेआ’ नावाची जोडनाव त्याच जुन्या विद्येने हवाईहून ताहितीस नेण्यात आली. होकुलेआ हे एका ताऱ्याचे नाव आहे, आणि तो तारा म्हणजे आपली स्वाती. हवाईच्या डोक्यावरून ती जाते, म्हणून घरी परतणाऱ्या नावाड्याची ती खूण. १८७४ साली शुक्राचे सूर्यावरून होणारे अधिक्रमण पाहण्यास ब्रिटिश ज्योतिर्विद तेथे गेले, तेव्हा हवाईचा राजा कालाकाऊआ याने त्यांचे स्वागतच केले होते. राज्य आपले असताना ज्या लोकांनी दुर्बिणीस जागा दिली, ते दीडशे वर्षांनी दुर्बिणीच्या वाटेत का बसले? खरा प्रश्न हा आहे, आणि त्याचे उत्तर जमिनीच्या कागदांत आहे.

हवाईशी आमची पहिली ओळख झाली ती चळवळीच्या वाचनातून. १९४६ साली तेथील उसाच्या मळ्यांतील पंचवीस हजारांवर मजुरांनी, जपानी, फिलिपिनो, पोर्तुगीज असा भेद न मानता, ७९ दिवस संप केला होता. त्या मळ्यांच्या मालकवर्गाचा इतिहास वाचताना कळले की, १७ जानेवारी १८९३ रोजी गोऱ्या व्यापाऱ्यांच्या व मळेवाल्यांच्या गटाने, अमेरिकन नौसैनिक किनाऱ्यावर उतरलेले असताना, राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केले. १८९८ साली बेटे अमेरिकेस जोडली गेली व राजघराण्याची आणि सरकारची मिळून सुमारे १८ लाख एकर जमीन अमेरिकेकडे गेली. मूळ लोकांची संमती कोणी घेतली नाही. शंभर वर्षांनी, १९९३ साली, अमेरिकन काँग्रेसने ठराव करून या कृत्याबद्दल माफी मागितली. जमीन मात्र माफीबरोबर परत आली नाही. १९५९ साली हवाई हे अमेरिकेचे राज्य झाले तेव्हा यांतील बरीच जमीन राज्याकडे विश्वस्त म्हणून सोपविण्यात आली, आणि तिच्या हेतूंपैकी एक हेतू मूळ हवाईयनांचे भले हा होता.

मौना केआचा माथा याच जमिनीत मोडतो. १९६० च्या मे महिन्यात चिलीतील भूकंपाने उठलेल्या समुद्राच्या लाटेने हिलो शहराची वाताहत केली. त्या दुःखातून वर येण्यासाठी तेथील व्यापारी मंडळींनी विद्यापीठांना पत्रे पाठवून आपला पर्वत वेधशाळेसाठी सुचविला. १९६४ साली माथ्यापर्यंत कच्चा रस्ता झाला. १९६८ साली राज्याने माथ्याभोवतीची हजारो एकर जमीन हवाई विद्यापीठास ६५ वर्षांच्या पट्ट्याने दिली. भाडे वर्षाला एक डॉलर. एक दुर्बीण आली, मग दुसरी, मग तेरा. प्रत्येक वेळी कामे मिळतील, मुले शिकतील, डोंगर सांभाळला जाईल असे सांगण्यात आले. १९९८ साली राज्याच्याच लेखापरीक्षकाने अहवाल दिला की, विद्यापीठाने दुर्बिणींकडे लक्ष दिले, पर्वताकडे दिले नाही.

म्हणजे तीस मीटरची दुर्बीण आली ती कोऱ्या पाटीवर आली नाही. तिच्या बांधणाऱ्यांनी आधीच्यांपेक्षा पुष्कळ अधिक देऊ केले होते, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. खरे भाडे, शिक्षणासाठी वर्षाला दहा लाख डॉलर, अगदी शिखरावर न बांधता खालच्या पठारावर जागा. बांधकाम कामगारांच्या संघटनांतून दुर्बिणीच्या बाजूने आवाज उठला, आणि आम्ही तेथे असतो तर कदाचित त्यांच्यात असतो. मूळ हवाईयनांतही दुर्बीण हवी म्हणणारे होते. परंतु ज्या घरात पूर्वीची उधारी थकली आहे, तेथे नवा गिऱ्हाईक रोख पैसे घेऊन आला तरी यजमान आधी जुने खाते उघडतो.

२०११ च्या फेब्रुवारीत राज्याच्या जमीन मंडळाने या दुर्बिणीस परवाना दिला. विरोधकांनी रीतसर सुनावणी मागितली होती. मंडळाने परवाना आधी मंजूर केला आणि सुनावणी नंतर घेतली. आमच्या कामगार चळवळीत हा प्रकार फार ओळखीचा आहे. बडतर्फीचे पत्र टाईप करून कपाटात ठेवायचे आणि मग कामगारास खातेचौकशीस बोलावून ‘तुझे म्हणणे मांड’ म्हणायचे! २०१४ च्या ऑक्टोबरात भूमिपूजनाचा समारंभ लोकांनी अडविला. २ एप्रिल २०१५ रोजी डोंगरावर ३१ जणांना अटक झाली. त्याच वर्षी २ डिसेंबरला हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने परवाना रद्द केला. कारण देव हे नव्हते, विज्ञान हेही नव्हते. कारण एवढेच की, निकाल आधी झाला व ऐकणे नंतर झाले, आणि हा न्याय नव्हे.

मग नव्याने सुनावणी झाली. ४४ दिवस चालली, ७१ साक्षीदार तपासले गेले. २०१७ च्या सप्टेंबरात मंडळाने पाचास दोन मतांनी पुन्हा परवाना दिला आणि ३० ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो चारास एक मताने उचलून धरला. कायद्याची लढाई संपली. परंतु कायद्याची लढाई संपली म्हणजे भांडण संपले असे मानणारा मनुष्य वकील असू शकेल, संघटक नव्हे.

२०१९ च्या जुलैत बांधकामाची घोषणा होताच शेकडो, मग हजारो लोक पर्वताच्या पायथ्याशी रस्त्यावर येऊन बसले. १७ जुलैस पोलिसांनी तीसहून अधिक वृद्धांना अटक केली. म्हातारी माणसे मुद्दाम पुढे बसली होती. ‘कपू अलोहा’ या नावाने त्यांनी शिस्त ठरविली होती: हात उचलावयाचा नाही, शिवी द्यावयाची नाही, दारू शिवावयाची नाही. तेथे स्वयंपाकघर चालले, दवाखाना चालला, मुलांचे वर्ग भरले. आधीच्या दुर्बिणींचेही काम काही आठवडे बंद पडले. अनेक तरुण ज्योतिर्विदांनीच पत्रक काढून या अटकांचा निषेध केला. डिसेंबरात राज्यपालांनी पोलीस मागे घेतले; पुढे महासाथ आली, छावणी उठली, पण यंत्रे वर गेली नाहीत.

हे वाचीत असता आम्हांस आपला शेजारचा तालुका आठवला. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. मुळशीस टाटा कंपनीच्या धरणाचे काम अडविण्यासाठी मावळे भाकऱ्या बांधून गेले. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे ही नावे आपणांस ठाऊक आहेत. वीज नको असे ते म्हणत नव्हते. मालकास न विचारता शेतांत चर खोदले गेले, आणि सरकारने भूसंपादनाचा कायदा खासगी कंपनीच्या हाती दिला, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. धरण झाले. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरल्या, आणि त्या गिरण्यांतून आमची कामगार चळवळ वाढली. आमच्या झेंड्याच्या काठीस मुळशीचा गाळ लागलेला आहे, हे आम्ही विसरता कामा नये.

आणि पवना? १९७२ च्या सुमारास आपले धरण पूर्ण झाले. देव बुडाला, घरे बुडाली, आणि अर्धशतक उलटले तरी धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुरता मिटलेला नाही. त्या पाण्यावर पिंपरी-चिंचवड उभे राहिले. बंद नळाने ते पाणी शहरात नेण्याची योजना आली तेव्हा, ९ ऑगस्ट २०११ रोजी, द्रुतगती मार्गावर बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मेले. त्या दिवशी आम्ही काय करीत होतो? ऑगस्ट क्रांतिदिनाची सभा घेत होतो. सभेतील पुष्कळ सभासदांच्या घरच्या नळास पवनेचे पाणी येत होते. बातमी आली तेव्हा सभा दोन मिनिटे उभी राहिली आणि मग कार्यक्रमपत्रिकेतील पुढचा विषय घेतला गेला. मावळात वाढलेले असूनही आम्ही काही बोललो नाही. शहरास पाणी हवे, हे खरेच होते. त्या खरेपणाच्या आड आम्ही बसलो. ही लाज आज येथे, आपल्या लोकांपुढे, सांगितली पाहिजे.

एक लहान गोष्ट सांगतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या आवारात म्हसोबाचा शेंदरी दगड होता. नवी शेड बांधावयाची म्हणून व्यवस्थापनाने रविवारी क्रेन लावून तो उचलला व कुंपणाबाहेर ठेवला. सोमवारी पहिली पाळी दारातच थांबली. आम्ही वाटाघाटीस गेलो. साहेब म्हणाले, “तुम्ही पुरोगामी लोक, तुम्हीही दगडासाठी भांडता?” आमच्याकडे उत्तर नव्हते. ते एका वयस्क फिटरने दिले. तो म्हणाला, “साहेब, देव आम्हीच हलवला असता. पण तुम्ही विचारलंच नाही.”

ही गोष्ट आम्ही पुष्कळ वर्षे अभिमानाने सांगत आलो. विचारले असते तर सगळे गोडीने झाले असते, असे तिचे तात्पर्य काढीत आलो. मौना केआने आम्हांस ते तात्पर्य अर्धवट असल्याचे दाखविले. समजा, साहेबांनी विचारले असते आणि तो फिटर ‘नाही’ म्हणाला असता, तर? शेड थांबली असती काय? नसेल, तर ते विचारणे नव्हे, कळविणे होय. हवाईत दुसऱ्या वेळी ४४ दिवस ऐकून घेतले गेले, तरी डोंगराखालच्या लोकांचे समाधान झाले नाही, ते याच कारणाने. ‘नाही’ हे उत्तर स्वीकारण्याची तयारी असेल तरच त्या विचारण्यास संमती मागणे म्हणावे. त्याहून कमी असेल ती नोटीस.

यावर कोणी म्हणेल, मग कोणतेही मोठे काम होणारच नाही. प्रत्येक टेकडीवर कोणता ना कोणता देव आहे. हा आक्षेप खरा आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. प्रत्येक ‘नाही’ अखेरचे मानता येणार नाही. तहानलेल्या गावास पाणी आणि ज्योतिर्विदास आरसा यांचे वजन सारखे नाही. परंतु ज्याचे एकदा सर्वस्व गेले आहे, त्याच्या ‘नाही’चे वजनही इतरांच्या ‘नाही’सारखे नाही. जुने देणे फेडल्यावाचून नवे मागणे मागू नये, एवढा नियम तरी मोठ्या कामांनी पाळावा.

हवाईने उशिरा का होईना, त्या दिशेने पाऊल टाकले. २०२२ साली कायदा होऊन पर्वताच्या देखरेखीसाठी नवे प्राधिकरण नेमण्यात आले. त्यात मूळ हवाईयन परंपरेच्या जाणकारांना जागा आहे, शिक्षकांना आहे आणि ज्योतिर्विदांनाही आहे. २०२८ पर्यंत विद्यापीठाकडून सर्व कारभार त्याच्याकडे यावयाचा आहे. २०२४ साली दोन जुन्या दुर्बिणी उतरवून जागा मोकळी करण्यात आली. २०१९ साली कृष्णविवराचे पहिले चित्र जगापुढे आले. त्या कामात मौना केआवरील दोन दुर्बिणी होत्या, आणि त्या विवरास हवाईच्याच एका भाषापंडिताने ‘पोवेही’ हे नाव दिले. म्हणजे डोंगर व दुर्बीण यांचे वैर जन्मजात नाही. तीस मीटरच्या दुर्बिणीची मात्र २०२५ पर्यंत तेथे एक भिंतही उभी राहिली नाही. त्या वर्षी स्पेनने ती ला पाल्मा बेटावर बांधावी म्हणून चाळीस कोटी युरोंपर्यंत मदत देऊ केली.

ती दुर्बीण कोठेतरी व्हावी, अशी आमची मनापासून इच्छा आहे. भारतात घासलेला आरशाचा तुकडा पहिल्या ताऱ्यांचा प्रकाश झेलील त्या दिवशी आम्हांस आनंदच होईल. पण आपण त्या कामाचे दहा टक्के भागीदार आहो, आणि भागीदारास नफ्याइतकेच देणेही लागू असते. कोणाच्या दारात आपले सामान उतरते आहे, हे विचारण्याचा हक्क आपणांस आहे, आणि ते आपले कर्तव्यही आहे.

आजची सभा संपल्यावर घरी जाताना आपल्यापैकी पुष्कळजण धरणाच्या बाजूने जातील. रात्री पाण्यावर वारा असतो आणि या दिवसांत स्वाती माथ्यावर येते. खाली वाघेश्वर उघडा पडलेला असेल. त्या दगडांकडे पाहताना देव मानणाऱ्याने हात जोडावे, न मानणाऱ्याने जोडू नयेत. पण ते बुडविताना कोणास विचारले होते, हा प्रश्न दोघांनीही घरी न्यावा.